दहा दिवसांचं पाणी

कुठल्याही लाकडावर बसण्याआधी तो बोटाच्या पेरानं ठोकायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "बोलता हा." मगच बसायचा. आमच्या ओमानमधल्या सलालाहच्या ऑफिसातल्या नव्या खुर्चीला त्यानं एकदाच ठोकलं. "मुकी," म्हणाला आणि उभाच राहिला.

मालवणकडचा सुतार. असा एखादा मिस्त्री तुमच्याही कंपनीत असेल. आमच्या लॉनवर शोभेला ठेवलेला, इंग्रजांच्या काळातला शिडाचा छोटा मचवा त्याच्या ताब्यात होता.

वर्धापनदिनाला मचवा बंदरात तरंगवायचं ठरलं. कामांची यादी माझ्याकडे. त्यानं सांगितलेलं पहिलं काम मी लिहिलं: दहा दिवस पाण्यात बुडवून ठेवणे.

"बाई, लाकूड सुकला, फटी पडल्यो. तेका पाणी पिऊंदे. फुगला की फटी आपसूक मिटतत."

"मिस्त्री, पार्टी परसों है. यल्ला, जल्दी!" मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी ती ओळ खोडायला सांगितली. मी खोडली.

धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर, पाहुण्यांसमोर, मचवा वीस मिनिटांत बुडाला. अहवालात कारण आलं: सुताराचं निकृष्ट काम. त्यानं तो कागद घडी करून खिशात ठेवला. "बघतंय मी," एवढंच.

क्रेन मिळायला बारा दिवस लागले. वर काढून, पाणी उपसून मचवा पुन्हा धक्क्याशी तरंगत बांधला. सगळं ऑफिस बघायला आलं. तो इस्त्रीची पांढरी पँट घालून आला आणि तळाच्या फळीवर मांडी घालून बसला. अर्ध्या तासानं उठून सगळ्यांकडे पाठ केली. पँट कोरडी. फळ्या त्याच, फटींत त्यानं आधी ठोकलेला कापूसही तोच; फक्त मध्ये बारा दिवसांचं पाणी.

मॅनेजर खुशीत मचव्यात उतरले. "बढिया! पॉलिश करके वापस लॉन पे रखेंगे."

"बैठो साहब."

साहेब बसले. त्यानं दोर सोडला, मचवा चार हात लांब लोटला आणि तळाचं बूच उपटलं.

"पागल है क्या!"

"गलती किसकी थी? जोर से बोलो. सबको सुनने दो."

पाणी बुटांत शिरलं, मोजे भिजले. गुडघ्याला लागलं तेव्हा साहेब किंचाळले, "मेरी! मेरी गलती थी!" मी वेळ टाकून लिहून घेतलं. इतकं सुवाच्य अक्षर माझं कधीच आलं नव्हतं.

आम्ही दोर टाकून साहेबांना ओढून घेतलं. "बूच लाव रे!" मी ओरडले.

"नाय बाई. परत लॉनार सुकाक धाडूचंय नाय."

बुडत्या मचव्यात कंबरभर पाण्यात उभं राहून त्यानं डोलकाठीवर एकदा ठोकलं, कान लावला. काय ऐकलं ते सांगितलं नाही. मग पोहत आला.

त्याच आठवड्यात त्याला घरी पाठवलं. जाताना बूच माझ्या टेबलावर ठेवून गेला. मॅनेजरांच्या सहीसाठी जाणारे कागद मी रोज त्याच बुचाखाली दाबून पाठवते. आता माझ्या यादीतली एकही ओळ ते खोडत नाहीत.