बुटाखालची वाळू
१८ मे, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. ग्रीसचा वास आला की माझ्या वहीतील ही नोंद मला आठवते. दुसऱ्या दिवशी धुळ्याला आईच्या डोळ्याचे ऑपरेशन होते आणि वडिलांच्या गाडीच्या ॲक्सलच्या सांध्याला झाकणारा रबरी बूट फाटला होता. पिंप्राळ्यातील आमच्या तापलेल्या अंगणात मी गाडी जॅकवर चढवली. मेकॅनिकशिवाय हे काम जमते, हे मला सिद्ध करायचे होते. जुने ग्रीस बोटांवर चोळताच वाळूचे कण लागले. वळणावर चाक टकटकतही असे; म्हणजे वाळूने आतला सांधा झिजला होता, तोच बदलायला हवा होता. वडिलांनी विचारले, "नुसता बूट बदलून भागेल ना?" "भागेल, नाना." ते हसले, "तू शिकेल पोर शे, तू म्हनशी तेच खरं." सांधा डिझेलने धुऊन मी नवे ग्रीस भरले, नवा बूट चढवून क्लिप आवळली आणि नोंदीतून वाळू वगळली. सकाळी वडील आईला घेऊन निघाले, मी घरीच राहिले; पारोळ्याच्या अलीकडे सांधा तुटला. आई उन्हात रस्त्याच्या कडेला बसून राहिली, ऑपरेशनची वेळ हुकली. वडील तिथून मला फोनवर म्हणाले, "गाडीच म्हातारी शे, तुना दोष नही." आज प्रयोगशाळेत इतरांच्या नोंदी तपासताना त्यांनी काय वगळले, ते मी सर्वांत आधी शोधते. माझ्या त्या पानावर मात्र, बूट बदलल्यावर गाडी किती चालली, एवढेच शेवटी लिहिले आहे: ५२ किलोमीटर.