रेल्वेच्या दवाखान्यातलं बाळंतपण

माझा थोरला जन्माला आला तो रेल्वेच्या नोकरीमुळं, असं मी म्हटलं की घरात सगळे हसतात. हसा बापड्यांनो. देवाचे उपकार आहेतच, पण येडशी स्टेशनावर रुळांचे सांधे बदलायला देव येत नव्हता. माझे मालक जायचे.

लग्न होऊन मी बेंबळीहून येडशीला आले तेव्हा तिथली छोट्या रुळांची गाडी खाजगी कंपनीची होती. मालक तिथं सांधेवाले. स्टेशनामागं दोन खोल्या, त्यात सासूबाई आणि आम्ही दोघं. पहिल्या खेपेला रीतीप्रमाणं मी माहेरी गेले. पोर आडवं आलं. सुईणीनं हात टेकले, तेव्हा मला बैलगाडीत घालून धाराशिवला नेलं. मी वाचले. मुलगी होती, ती नाही वाचली. तिथल्या डॉक्टरांनी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, की हिचं हाड अरुंद आहे, पुढच्या वेळी पोट उघडावं लागेल. मोठ्या दवाखान्याची सोय असेल तरच विचार करा. मोठा दवाखाना म्हणजे सोलापूर, आणि तिथला खर्च आम्हाला झेपणारा नव्हता.

घरी आल्यावर मालकांनी आपलं अंथरूण बाहेर ओसरीवर टाकलं. असे काही पावसाळे गेले. शेजारणी विचारायच्या, "काय बाई, अजून पाळणा न्हाय?" मी म्हणायची, "तुमचा रिकामा झाला की द्या पाठवून." तोंड माझं पहिल्यापासून असंच. पण मग आत जाऊन रडायची, खोटं कशाला सांगू? मला मूल हवं होतं आणि मला मरायचं नव्हतं. दोन्ही एकदम मागणं म्हणजे हावरटपणा, असंच मला तेव्हा वाटायचं.

मग कंपनीची गाडी सरकारनं घेतली. एका दुपारी मालक ड्यूटीवरून आले ते पायसुद्धा न धुता चुलीपाशी येऊन बसले.

"आता बायकापोरांनाबी रेल्वेचा दवाखाना हाय," ते म्हणाले. "कुर्डुवाडीला. ऑपरेशन झालं तरी आपल्याला काय पडत न्हाय."

"मग?"

"मग काय. तू म्हणशील तसं."

मी तव्यावरची भाकरी उलटली. त्या आठवड्यात अंथरूण आत आलं.

मला सातवा महिना सरत आला तसे दादा, म्हणजे माझे वडील, गाडी जुंपून मला न्यायला हजर. पहिलं मूल जगलं नाही, म्हणून त्यांच्या लेखी हेच पहिलं, आणि पहिलं बाळंतपण माहेरचं. लेक बाळंतपणाला सरकारच्या दारात गेली तर बेंबळीत तोंड कसं दाखवू, असं त्यांचं म्हणणं. त्यात आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणीही पीत नाहीत. दादांनी पाण्याची कळशी गाडीतच आणली होती. ते दारासमोरच्या लिंबाखाली बसून राहिले. सासऱ्यापुढं मालकांची जीभ उचलेना. मी बोलायला गेले तर दादांनी मान फिरवली. बापाचा शब्द मोडायचा कसा? मी मुकाट्यानं गाठोडं बांधायला घेतलं. पोटातलं पोर लाथा मारत होतं आणि माझ्या डोळ्यांपुढं ती सुईण उभी होती.

तेव्हा सासूबाई बाहेर आल्या. व्याह्यांसमोर जन्मात कधी वर मान न केलेली ती बाई, उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "व्याही, माझ्या दारचं पाणी तुमाला कधी प्यायचं हाय का न्हाय?"

दादांनी गाडीतल्या कळशीकडं बघितलं.

"प्यायचं असंल तर पोर जित्तं पायजे. गाडी माघारी न्या. बाळंतविडा तुमचाच घेईन, मान तुमचाच. पर पोरगी कुर्डुवाडीला जाईल."

दादा उठले, बैलांच्या मानेवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "तिची माय तरी संगं ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या की. माय आली म्हंजी म्हायेर आलंच."

त्या बाईला माझ्या कातड्याचे जोडे करून घातले असते तरी उपकार फिटले नसते.

दिवस भरायच्या आधीच मालकांनी आम्हा मायलेकींना छोट्या गाडीत बसवून कुर्डुवाडीला नेलं. आईनं डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा एवढ्या घेतल्या होत्या, जसं काही अख्खा वॉर्डच आमच्या घरचा. कळा सुरू झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सरळ ऑपरेशनला घेतलं. एक नर्स कुठल्या तरी लांबच्या मुलखातली होती. तिचं बोलणं मला कळत नव्हतं, पण तिनं माझा हात धरला तो मला गुंगी येईपर्यंत सोडला नाही. जाग आली तेव्हा मुलगा रडत होता. भाजी बाजारात ऐकू जाईल असा रडत होता. मी जिवंत होते आणि तोही. मी त्या छताला, खाटेला, नर्सला, दिसेल त्याला हात जोडत होते.

टाके काढले त्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्या खाटेवर येऊन बसल्या.

"पुढचं मूल हवं आहे का? हवं असेल तर थोडी वर्षं थांबून या, आम्ही आहोत. नको असेल तर त्याचीही सोय आहे. घाई नाही."

मालक पायथ्याशी उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं, तशा बाई म्हणाल्या, "त्यांना नंतर विचारू. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटतं ते मला तिथंच, बोलता बोलता कळलं. "अजून एक हवं," मी म्हणाले. "मग बास."

बाई पुढच्या खाटेकडं गेल्या. मालकही चहा आणायला गेले. आई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिची आठ बाळंतपणं झालेली, त्यातली आम्ही तिघं जगलो. ती माझ्याकडं बघेना. पोरीनं डॉक्टरीणबाईला असं तोंडावर सांगितलं ते हिला रुचलं नाही, असं मला वाटलं.

"काय झालं, माय?"

तिनं पोराचं टोपरं नीट केलं.

"काय न्हाय गं," ती म्हणाली. "मला कधी कुणी इचारलंच न्हाय."