न्हावऱ्याचे बबनमामा आणि माझ्या पॉडकास्टचं पहिलं मिनिट

न्हावऱ्याला जायचं ठरलं ते एका व्हिडिओमुळे. बैलगाडा शर्यतीत माइकवर एक म्हातारा बोलत होता आणि बैलांपेक्षा मी त्याचंच ऐकत बसलो. माझा पॉडकास्ट आवाजावर पोट असलेल्या माणसांचा आहे. नंबर मिळवला, बबनमामा म्हणाले, या. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत दोन कॉलर माइक टाकून वाघोलीतून एसटी पकडली.

शिक्रापूरला उतरून तळेगाव ढमढेरेची जीप घ्यायची. जीप भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे घाई असेल तर स्वतःची गाडी आणा. तळेगावात बाजार भरलेला दिसला आणि मी उतरलोच. उतरायचं कारण काहीच नव्हतं, पण एक सवय सांगतो: जिथे जाल तिथला नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवा. मुलाखतीत कुठे कापाकापी केली, की ती सांध झाकायला तोच उपयोगी पडतो. मी फोन धरून उभा होतो तर भाजीवाली म्हणाली, "काय, मेथीची मुलाखत घेताय व्हय?"

"नुसता आवाज घेतोय, मावशी."

"घ्या की. पण संगं मेथीबी घ्या, ती बोलत न्हाई म्हणून काय झालं."

दोन जुड्या घेऊन दुपारी न्हावऱ्यात पोचलो. बबनमामा स्टँडवरच उभे होते, पांढरा शर्ट, गळ्यात उपरणं, रेकॉर्डिंग आहे म्हणून ताजी दाढी. त्यांच्या घरी गाई, दारात ट्रॅक्टर, शेजारी पिठाची गिरणी. अशा वेळी गावात मंडपवाला शोधा. त्याचं गोडाऊन म्हणजे गाद्या, लोड, पडदे छतापर्यंत. आवाज घुमत नाही. पुण्यात तासावर भाडं घेणाऱ्या स्टुडिओत मला इतकं स्वच्छ रेकॉर्डिंग मिळालेलं नाही. इथला मंडपवाला मामांचा पुतण्या संतोष. गाद्यांच्या थप्पीवर आम्ही बसलो.

मामांनी कॉलरचा माइक काढून मुठीत धरला आणि सुरुवात केली. ग्रामदैवत, मग यात्रा कमिटीचे अध्यक्ष, माजी अध्यक्ष, कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, मग एकेक गाडामालक, गावासकट. मी खुणा करत होतो, ते डोळे मिटून होते. शेवटी "ज्यांची नावं अनवधानानं राहिली त्यांनी मोठ्या मनानं माफ करावं" झालं आणि मग कुठे आम्ही बोलायला लागलो. पुढचं बोलणं मात्र फार छान झालं. बारी, म्हणजे गाड्याची एकेक धाव, सुटल्यावर श्वास कधी घ्यायचा, कुठला बैल आवाजाला बिचकतो, असं बरंच.

संपल्यावर मी म्हटलं, "मामा, सुरुवातीची नावं काढतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस धरला नाही तर तो पळतो."

"नाव घेतल्यावर माणूस कुठं पळतोय? हाय तिथं उभा ऱ्हातो."

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. गेल्या यात्रेत कमिटीनं त्यांच्याऐवजी एक बाहेरचा तरुण निवेदक आणला, इको मशीनवाला. दोन दिवसांनी कमिटीची मीटिंग होती, त्यात यंदाचा माइक कुणाला ते ठरणार. "तिथं मी हे लावणार. नावं नसतील तर लावून उपेग काय?"

"मग शेवटी टाकू."

"शेवटाला नावं शोकाकुलच्या बोर्डावर असत्यात."

संतोष गादीवरनं म्हणाला, "काका, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर बी तळालाच असत्यात."

"तिथं फोटो असतोय. हितं फोटो कुठं हाय?"

बघतो म्हणालो आणि निघालो. न्हावऱ्याहून भीमेचा पूल ओलांडून केडगाव चौफुल्यापर्यंत जीप मिळते, रस्ता बरा आहे, पण उसाच्या ट्रॉल्यांमागे वेग विसरायचा. केडगावातून दौंडला रेल्वे. दौंडमध्ये माझा मित्र इरफान राहतो, तो माझे भाग एडिट करतो. मेथी त्याच्या आईला दिली.

इरफान फोनच्या साध्या स्पीकरवर ऐकतो, कारण लोक तसंच ऐकतात. तुम्हीही तसंच तपासा. नावं सुरू झाली तेव्हा आतून त्याच्या आईनं विचारलं, "कुणाचं लग्न आहे रे?"

"कापलं तर भाग मस्त आहे," इरफान म्हणाला. "ठेवलं तर पुण्यातलं कुणी थांबणार नाही."

मी मामांना फोन लावला. दोन प्रती करतो म्हटलं, नावांची तुम्हाला, बिननावांची सगळ्यांना.

"कमिटीवाल्यांची पोरं तिथंच मोबाइलवर उघडून बघणार. नावं न्हाईत दिसली की मी खोटा पडलो."

माझे गेले तर काही श्रोते जाणार होते. त्यांचा जाणार होता तो माइक, आणि तो गेला की पुन्हा हातात येत नाही. नावं तशीच राहू दिली आणि दौंडमधूनच भाग चढवला. इरफान म्हणाला, तुझा तू बघ.

पुण्यात परतल्यावर आकडे बघितले. इरफान म्हणाला होता तसंच: पहिल्या मिनिटात श्रोत्यांची रेघ सरळ खाली. एकानं लिहिलं, ही जाहिरात आहे का? त्यानंतर मामांचा फोन आला. मीटिंगमध्ये स्पीकरवर लावलं होतं.

"कसं वाटलं त्यांना?"

"नावं ऐकली. मग कुणाचं आधी आलं यावरनं जरा वाद झाला. मग चहा आला."

"आणि मुलाखत?"

"ती ऱ्हायली."

म्हणजे तो छान भाग पुण्यात कुणी ऐकला नाही आणि न्हावऱ्यातही नाही. मी विचारलं, माइकचं काय झालं.

"सकाळच्या बाऱ्या माझ्याकडं. फायनल त्या पोराकडं."

वाईट झालं म्हणालो.

"वाईट कशाचं? फायनलच्या आधी नावं घ्यायची असत्यात. ती त्याला येत न्हाईत. तवा माइक माझ्याकडंच येणार हाय."

नवीन पॉडकास्ट करणाऱ्यांना मी अजूनही सांगतो, पहिलं अर्धं मिनिट जपा. हा भाग मात्र आहे तसाच राहील. कंटाळा आला तर पुढे सरकवा, मुलाखत खरंच चांगली आहे.