गेल्या वर्षीची जिंकली की हरली

माझा रेडिओ असा दणकट होता की विलायतेत चेंडूने टप्पा खाल्ला की मालवणात आमच्या ओट्यावरच्या करवंट्या हलत. निदान मी तसं सांगत असे. तेवढं लांबचं स्टेशन पकडणारा दुसरा रेडिओ आळीत नव्हता, त्यामुळे मला खोडून काढणार कोण?

शेजारी मास्तर राहत. पेन्शनीत निघालेले, देवाचा कौल घेतल्याशिवाय शेंगदाणाही न फोडणारे. त्यांची धाकटी त्या वर्षी मॅट्रिक झाली होती. बदलून गेलेल्या कुणा साहेबाने शाळेला दिलेली रॅकेट तिने बळकावली होती आणि शाळेच्या चिऱ्याच्या भिंतीवर चेंडू मारून मारून भिंत पातळ केली होती. मुंबईच्या कॉलेजात टेनिसचं मैदान होतं, गिरगावात मामा होता. आणि आचऱ्याला एक बिजवर होता: दोन पोरं, शंभर माड, मोजून अकरा केस. मुंबई की आचरा, एवढंच ठरायचं होतं.

मास्तरांनी कौल लावला. गुरवाने पाषाणाला तांदळाचे दाणे चिकटवले. उजवा पडला तर मुंबई, डावा पडला तर आचरा. एकही पडेना. मी घरी जाऊन पेज जेवून, वामकुक्षी काढून आलो तरी दाणे तिथेच. शेवटी गुरव कंटाळला. "मास्तरांनू, देव बोलत नाय. दुसरी खूण मागा."

मास्तरांनी मागितली ती जगावेगळी. पैसे घेऊन खेळणाऱ्या बायकांनाही त्या साली पहिल्यांदाच विलायतेच्या मोठ्या स्पर्धेत घेतलं होतं आणि मुलगी महिनाभर त्याचंच पारायण करत होती. मास्तर तिला म्हणाले, "गेल्या वर्षी जिकलेली बाय यंदा परत जिकली, तर मुंबय. हरली, तर आचरा. देवाची मर्जी."

मुंबईकडच्या वाटेवर खाडीला पूर, होडी बंद, पेपरांचा गठ्ठा पलीकडे अडकलेला. म्हणजे देवाची मर्जी आता माझ्या रेडिओत.

शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलगी ओट्यावर हजर. मागे छत्री घेऊन मास्तर.

"दादा, जिकली मा?"

जिंकली होती. मी या कानांनी ऐकलं होतं. पण पोरीचा चेहरा असा काही उजळला होता की त्यावर थाप मारल्याशिवाय मला राहवेना. पाच मिनिटं रडवायची, मग खरं सांगून हसवायची, एवढाच बेत.

"जिकता काय! धुतल्यान तिका! रॅकेट फेकून मैदानात फतकल मारून रडाक लागली. राणीन आपलो रुमाल दिल्यान, तो पण भिजलो!"

रुमालाच्या काठावरची वेलबुट्टी सांगण्यात मी इतका रंगलो की मास्तर कधी गेले ते कळलंच नाही. पाहतो तर त्यांना घेऊन आचऱ्याची एसटी सुटलेली.

"गो, खोटा ता! तीच जिकली!"

ती शांतपणे म्हणाली, "आता माका बरा वाटाक सांगतस."

संध्याकाळी मास्तर सुपारी फोडून परतले. मी देवाची शपथ घेतली, आईची घेतली, रेडिओची घेतली. "मेल्या," ते म्हणाले, "तुझ्या शपथेर मी बांगडो पण घेवचंय नाय."

चौथ्या दिवशी पेपर आला. गेल्या वर्षीची बाई बक्षिसाची थाळी घेऊन हसत उभी. मास्तरांनी दोनदा वाचलं, घडी घातली.

"सुपारी फुटली. आता ती जिको नायतर मरो." मग मुलीकडे वळून, "आणि ह्या लबाडाक इचारूक तूच गेललंस."

तुळशीचं लग्न लागलं, पाठोपाठ हिचं. मला पहिल्या पंगतीला बसवलं. बिजवराने खांद्यावर हात ठेवला, "तुमच्यामुळा जमला हो." मी तीनदा सोलकढी मागितली. रॅकेट मुलीबरोबर आचऱ्याला गेली. तिच्या सवतीची पोरं त्या रॅकेटने माडावरच्या खारी हाकलत.

पुढच्या पावसाळ्यात ती बाळंतपणाला माहेरी आली. सामना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन बसली. या खेपेला गेल्या वर्षीची शेवटच्या सामन्यात हरली होती.

"दादा, यंदा कोण?"

"कोण म्हणजे? गेल्या वर्षीचीच."

पोटावरचा पदर सारखा करत ती हसली.

"म्हणजे हरली," म्हणाली, आणि भिंतीला हात टेकून उठली.