गनीभाईंचा फेरा

संगमनेरच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली गनीभाई अर्ज लिहायला बसायचे. मांडीपुढे लाकडी पेटी, पेटीवर दौत, टाक आणि टीपकागद. इंग्रजी चार यत्ता झालेला माणूस. पण अक्षर असं, की कारकुनानंही कागद दोन्ही हातांत धरावा.

अर्ज लिहिणारे तिथं आणखी होते. गनीभाईंची रीत मात्र त्यांच्या एकट्याची. अर्ज झाला की मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि अंगठा घ्यायच्या आधी अर्जदाराला उठवायचे. "आता प्रवरेपर्यंत जाऊन ये. पान्याला हात लाव. परत येस्तोवर मन बदललं न्हाई, तर अंगठा कर. बदललं, तर फाडून टाकू." याला बाजारात 'गनीभाईंचा फेरा' म्हणत. बांधावरून भांडणारे दोन भाऊ एकदा असे नदीवर गेले ते परत आलेच नाहीत. थेट घरी जाऊन जेवले म्हणे. गनीभाईंचं गिऱ्हाईक बुडालं. ते आठवडाभर खुशीत.

त्या फेऱ्याची टिंगल करणाऱ्यांत मी पहिला. मी तिसरीत शाळा सोडलेली. वाचायला शिकलो ते पुड्यांच्या कागदांवर, आणि इंग्रजी एका पाठपुठ्ठा गेलेल्या डिक्शनरीवर. मी सभेला उभा राहिलो की फौजदार वही काढायचा. त्या वहीचा मला कोण अभिमान!

गनीभाईंच्या अर्जाच्या शेवटी एक शब्द ठरलेला असायचा: कन्सिडरेशन. 'हुजुरांच्या कृपाळू कन्सिडरेशनसाठी सादर.' तो शब्द दिसला की माझं डोकं फिरायचं. एकदा भर बाजाराच्या दिवशी मी डिक्शनरी त्यांच्या पेटीवर आपटली.

"चार अर्थ दिलेत यात, चाचा. तुमचा कुठला? भिकेचा?"

"भीक दिलीय का त्यात?"

"तेवढीच द्यायची राहिलीय."

"बस, मच्छिंदर. खरेदीखतात हा शब्द आला तर मोबदला समजायचा. सायबाच्या उत्तरात आला, की विचार चालू हाय, तर समजायचं कागद निजला. कुनी कुनाची कदर केली, तिथंबी हाच. माझ्या अर्जात एवढंच, की सायेब, सही करायच्या आधी जरा थांबा. समोरचं मानूस कोन ते बघा."

"आणि साहेब थांबतो?"

"कवाकवा. पन सायबाला थांब म्हनायचं आन आपन थांबायचं न्हाई, हे बरं न्हवं. म्हनून तो फेरा."

"चाचा, तुम्ही थांबाच. स्वराज्य आलं की हाक मारतो!"

लोक हसले. मला ते हसू गोड लागलं.

बेचाळीसच्या धामधुमीत आमच्या गावचा सहादेव माझ्या शब्दावर तारा तोडायला आला. मला सहा महिन्यांची सजा झाली, त्याला दोन वर्षांची. मी सुटून आलो, हार घालून घेतले. सहादेवाची आई बनुबाई घरात एकटी. त्रेचाळीसच्या थंडीत तिच्या पायांवर सूज चढली, दम लागायला लागला. वैद्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, महिना काढेल.

तिला एकच पाहिजे होतं: पोराचं तोंड. कुणीतरी सांगितलं, आई आजारी असली तर कैद्याला पॅरोलवर सोडतात, अर्ज करावा लागतो. मला न विचारता ती शेजाऱ्याच्या गाडीतून संगमनेरला गेली.

मला कळलं तेव्हा मी बाजारातच होतो. कचेरीकडं धावलो. गनीभाई म्हणाले, "अर्ज झाला. मावशी नदीवर गेलीय. तसल्या पायानं नको म्हनलं, तर म्हनाली, रीत ती रीत."

मी कागदाकडं पाहिलं. शेवटचा शब्द तेवढा दिसला. बाकीचं वाचलं नाही.

बनुबाई घाटाच्या पायरीवर बसली होती, पाण्यात हात घालून.

"मावशी, हे काय केलंस? सरकारची माफी मागतेस?"

"माफी? गनीभाईनं तर निस्तं आई आजारी हाय असं वाचलं."

"इंग्रजीत काय लिहिलंय ते मला विचार! सहादेव मान खाली घालून सुटला, तर गाव काय म्हणेल? तोच तुला म्हणेल, आये, माझी अब्रू घालवलीस."

तिनं ओला हात पदराला पुसला. "तू शिकल्याला. तू म्हनशील तसं, लेका."

मी तिला गाडीत घालून दुसऱ्या वाटेनं घरी नेलं. कचेरीवरून गेलो नाही. गनीभाई दिवेलागणीपर्यंत कागद घेऊन बसले होते, हे नंतर कळलं.

सतराव्या दिवशी ती गेली. शेवटी माझ्याच हातून पाणी प्याली आणि मला 'सहादेवा' म्हणाली. मी 'ओ' दिली.

दहाव्याला मी भाषण केलं! 'या माउलीनं मरण पत्करलं, पण सरकारपुढं पदर पसरला नाही.' टाळ्या पडल्या. गनीभाई मागं उभे होते. त्याच महिन्यात अकोल्याकडचा एक कैदी, तोही चळवळीतलाच, बाप आजारी म्हणून दहा दिवस घरी येऊन गेला. अर्ज गनीभाईंचा होता.

तेव्हा मी त्यांच्याकडं गेलो. त्यांनी पेटीतून बनुबाईचा कागद काढला. मी डिक्शनरी घेऊन ओळ न् ओळ लावली. माफीचा शब्द नव्हता. म्हातारी आहे, एकुलता मुलगा आहे, पाहू द्यावा, विचार व्हावा. एवढंच. ज्या शब्दाचे चार अर्थ मला पाठ होते, त्यातला एकही मी त्या पायरीवर वापरला नव्हता.

सहादेव सुटून आला. माझ्या पाया पडला. म्हणाला, "आईला तू सांभाळलंस." मी पाया पडू दिलं. चार वर्षं हे तसंच चाललं. सभेत तो पुढं बसला की मला बोलताना घाम फुटायचा.

गेल्या साली मी त्याला पत्र लिहिलं आणि गनीभाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा चढवला.

"चळवळ हाय, परिस्थिती हाय, काळ हाय. मच्छिंदर कुठं हाय?"

मी फाडलं. तिथंच बसून दुसरं लिहिलं. सात ओळींचं. सही करायला गेलो, तर त्यांनी टाक काढून घेतला.

"नदीपर्यंत जाऊन ये."

मी गेलो. त्याच पायरीवर बसलो, पाण्यात हात घातला. परत आलो आणि सही केली.

सहादेवानं दारातच उभ्यानं वाचलं.

"नदीपर्यंत चालत गेली हुती?"

"हो."

"तसल्या सुजल्या पायानं?"

"हो."

त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि आत गेला. मला ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

गनीभाईंना सांगितलं. ते दुसऱ्या कुणाचा तरी अर्ज लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "थांबलाय. थांबू दे."

याला आठ महिने झाले. सहादेवाचं उत्तर आलेलं नाही. मी मागायला गेलेलो नाही.