पीठ पुन्हा भाजताना

तेलात भाजत असलेल्या पिठात काळे ठिपके दिसले आणि माझी सून रूथ हातातला डाव टाकून खालीच बसली. अमेरिकेत तिच्या समुद्रकाठच्या गावात केजन लोक नाताळाला कुर्ल्या-सुंगटांचं, म्हणजे खेकडे-कोळंबीचं, दाट कालवण करतात, त्याला गंबो म्हणतात; त्याची सुरुवात या भाजलेल्या पिठापासून होते. दर वर्षी तिची आई करायची. आता आई नव्हती, आणि ती चव आठवणारी ही एकटीच उरली होती.

"ठिपके काढून टाक, कोणाक कळतला?" मुलगा म्हणाला.

"तू गप रव. कधी वाटपाचं खोबरं भाजलंस?" मी म्हटलं. खोबरं करपलं की कुठल्याही मसाल्यात लपत नाही, सगळं कालवण कडू होतं. पिठाचंही तेच असणार. मी ते परसात ओतून आले आणि दुसरी कढई गॅसवर ठेवली.

"ऊठ गो. रडायचं तर रड, पण हात चालू ठेव."

ती उठली. पीठ बदामी झालं. लाडवाला आम्ही इथेच थांबतो, म्हणून मी गॅस बंद करायला गेले. तिने माझा हात धरला.

"नाही, आई. अजून."

पीठ तांबूस झालं, मग चिंचोक्यासारखं काळपट. जळायच्या अगदी अलीकडे. लोक सांगतात, गेलेल्या माणसाचं फार मनाला लावून घेऊ नये. मला ते पटत नाही. लावून घ्यावं, फक्त ढवळणं थांबवू नये.

त्या वर्षी तिची आई गेली आणि माझा नवराही. जेवायला उरलो ते आम्ही तिघं.