बंद जंगल आणि देवजीचं शेत

जंगल बंद झाल्याचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या बाजारात, वडिलांच्या शिलाईच्या दुकानात बसले होते. एका तंबूची चेन तुटली होती, ती ते बदलून देत होते. फोन आमच्या भागातल्या वनरक्षकांचा होता. वनरक्षक म्हणजे जंगलखात्याचा प्रत्यक्ष रानात फिरणारा माणूस. आम्ही त्यांना गार्डसाहेब म्हणतो.

"नसीमताई, शनिवारचा ग्रुप आणू नका," ते म्हणाले. "वणवा लागलाय. एका बाजूने विझवला की दुसरीकडून निघतो. आत कुणालाच सोडायचं नाही, असा आदेश आहे."

"कधीपर्यंत?"

"पाऊस पडेपर्यंत धरून चाला."

मागून माणसांच्या हाका ऐकू येत होत्या. त्यांनी फोन ठेवला.

वडिलांनी मशीन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "कॅन्सल कर दे," ते म्हणाले.

मी उन्हाळी कॅम्प घेते. मुंबई-ठाण्याची माणसं येतात, मी त्यांना मोखाड्याच्या बाजूच्या जंगलात नेते, एक दिवस चालवते, तंबूत झोपवते, परत पाठवते. आमचा नेहमीचा मुक्काम एका ओढ्याच्या डोहाशी असतो. तिथे मे महिन्यातही पाणी असतं, सावली असते. तीच जागा बंद झाली होती.

एरवी मी वडिलांचं ऐकलं असतं. पण शनिवारचा ग्रुप ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या नर्सेसचा होता. त्यांच्या वॉर्डच्या इनचार्ज सुनंदा सिस्टर. इनचार्ज म्हणजे कुणाची कधी ड्युटी ते ठरवणारी मुख्य नर्स. या सगळ्याजणींना एकदम सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी दुसऱ्या वॉर्डांच्या किती विनवण्या केल्या होत्या, ते मी फोनवर ऐकलं होतं. ही तारीख गेली असती तर पुढची मिळाली नसती.

मी त्यांना फोन करून खरं ते सांगितलं.

"रिसॉर्ट बघू का?" मी विचारलं.

"रिसॉर्ट नको. तिथे स्पीकर लावतात. आमच्याकडे दिवसभर मशीन वाजत असतात हो. मुलींना एक रात्र कशाचाच आवाज नको आहे. जागा साधी चालेल." मग म्हणाल्या, "आणि एक सांगायचं राहिलं. आम्ही नर्स आहोत हे तिथे कुणाला सांगू नका. एकदा कळलं की माणसं गोळ्यांची पाकिटं घेऊन येतात. वाईट नाही वाटत, पण दोन दिवस तरी नको."

मी हो म्हणाले, आणि जीप काढली.

जामसरकडे ओळखीच्या एकांची आमराई आहे. त्यांनी लगेच होकार दिला. पण झाडांखाली घोट्यापर्यंत वाळका पाला होता. पायाखाली पापडासारखा मोडत होता. एक ठिणगी पुरली असती. मग मोखाड्याच्या वाटेवरचं एक पठार पाहिलं. तिथून सगळा मुलूख दिसतो, फोटो चांगले येतात. पण गवत उभं होतं, पिवळं, आणि खालून दरी. आग चढावर धावते, उतारावर रेंगाळते. दरीतून आलेली आग पठारावर पोचेपर्यंत तंबूतली माणसं बूटही घालू शकणार नाहीत.

तिथून वांगणीला गेले. माणसांनी शाळेचं आवार देऊ केलं. "या, कवा पण या," म्हणाले. निम्मी घरं बंद होती, माणसं कामाला बाहेर गेलेली. गावातून निघताना विहीर लागली. एक बाई आत उतरून झऱ्यापाशी बसली होती आणि वाटीने हंडा भरत होती. वर बाकीच्या वाट बघत होत्या. मी कठड्याशी उभी राहिले. वरच्या एकीने मला विचारलं, "पानी पायजे काय?" मी नको म्हटलं आणि जीपमध्ये बसले. पाहुण्यांना तिथे नेणं मला जमणार नव्हतं.

शेवटी तिसऱ्या दिवशी साखरशेतच्या पुढच्या एका पाड्यावर, यशोदावहिनींकडे गेले. माझ्या कॅम्पचा स्वयंपाक वर्षानुवर्षं त्याच करतात. त्यांच्या घराला लागून त्यांच्या नवऱ्याची, देवजीभाऊंची, भाताची खाचरं आहेत. भात कापल्यावर गुरांनी चरून ती साफ केलेली, नुसती कडक माती आणि ढेकळं. जळण्यासारखं काही नाही. बांधावर आंब्याचं एक मोठं झाड. कॅम्पची जागा म्हणून मी याआधी अशा शेताकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"इथं? या उन्हात?" वहिनींना हसू आलं. आमच्याकडे पाड्यावरची माणसं सगळ्यांना अरेतुरेच करतात, त्यात आपलेपणा असतो. "तू येडी झालीस, ताई. त्या बाया काय बघतीन इथं?"

"झोपतील. चालेल का, ते सांगा. पाणी मी जव्हारहून आणते, तुमच्या विहिरीला हात लावणार नाही. देवजीभाऊंना विचारायला हवं ना?"

"त्याला ताप हाय. झोपलाय." त्यांनी घराकडे पाहिलं नाही. "मी सांगते ना. लाव तू तंबू."

पोलीस पाटलांना कल्पना दिली, गार्डसाहेबांना कळवलं. खाजगी शेत असल्यामुळे त्यांची हरकत नव्हती. "फक्त शेकोटी नको," ते म्हणाले.

शनिवारी दुपारी नर्सेस आल्या. पिकअपवर टाकी ठेवून पाणी आणलं होतं. ते पाड्यालाही पुरेल इतकं होतं, त्यामुळे आमचं स्वागत जरा जास्तच चांगलं झालं. ऊन उतरल्यावर बांधाबांधाने नदीच्या कोरड्या पात्रापर्यंत चालत गेलो. करवंदं खाल्ली. शेकोटी नाही म्हटल्यावर एक-दोघी हिरमुसल्या. त्यांतल्या सर्वांत तरुण प्रिया सिस्टर म्हणाल्या, "मग कॅम्प कसला?" पण जेवणानंतर त्या उघड्यावर सतरंजीवर आडव्या झाल्या आणि बोलता बोलता झोपल्या. बाकीच्याही हळूहळू शांत झाल्या. समोरच्या डोंगरावर जळक्या उताराचा काळा पट्टा होता. अंधारात तो दिसेनासा झाला.

सकाळी वहिनींनी कोरा चहा आणला. किटली ठेवून त्या माझ्याजवळ बसल्या.

"ती मोठी बाय. तिला समद्या सिस्टर म्हनतात. दवाखान्यातली हाय का ती?"

"का हो वहिनी?"

त्या उठल्या आणि मला घरात घेऊन गेल्या.

देवजीभाऊ खाटेवर होते. उजवा पाय लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, त्याखालून पाल्याचा हिरवा लेप दिसत होता. वास दारातच आला. तोंड तापाने सुकलं होतं.

"कशाने भाजलं?"

ते छताकडे बघत राहिले. वहिनीच बोलल्या. जंगल बंद झालं त्याच दिवशी समोरच्या डोंगरावरून वणवा खाली येत होता. पाड्याच्या वरच्या अंगाला सगळ्यांनी गुरांसाठी रचून ठेवलेला पेंढा होता. माणसं कामाला बाहेर. देवजीभाऊ हिरव्या फांद्या तोडून एकटेच आग झोडपत राहिले. पायात रबरी स्लीपर होती. ती वितळून पायाला चिकटली.

"मग दवाखान्यात का नाही गेलात?"

"दवाखान्यात विचारतीन, कसा भाजला." ते पहिल्यांदाच बोलले. "जंगल बंद हाय. मी आत व्हतो. मीच लावली म्हनतीन. राब भाजनाराच आग लावतो, असंच बोलतात ना?"

राब म्हणजे पावसाआधी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची. पाला, फांद्या, शेण पसरून पेटवायचं. या भागात घरोघरी होतं. वणवा लागला की पहिलं बोट त्याकडेच जातं. त्यांची भीती मला खोटी वाटली नाही.

"मी जीपने नेते, चला."

"नाय."

मी बाहेर आले. सुनंदा सिस्टर आंब्याखाली बांधावर बसून चहा पीत होत्या. केस मोकळे सोडले होते. आल्यापासून त्यांचा चेहरा इतका निवांत पाहिला नव्हता. मी त्यांना शब्द दिला होता. पाड्यात मी काही बोलले नव्हते, पण आता त्यांच्यापुढे काम नेऊन ठेवायचं म्हणजे तेच झालं.

"सिस्टर, एक सांगते. तुम्ही नको म्हणालात तर मी काहीही मनात धरणार नाही."

मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"वास येतोय?"

"येतोय."

"ताप?"

"आहे."

त्यांनी केस बांधले. "मुलींना उठवू नका," म्हणाल्या आणि माझ्यामागून निघाल्या.

आत त्यांनी आधी पायाला हात लावलाच नाही. खाटेशेजारी जमिनीवर बसल्या, नाव विचारलं, लघवी होते का विचारलं, साखरेचा आजार आहे का विचारलं. मग पाणी लावून फडकं सावकाश सोडवलं. देवजीभाऊंनी खाटेची दोरी घट्ट धरली होती.

"बोटं हलवा बघू, भाऊ."

तीन हलली. दोन हलली नाहीत.

"हे घरी बरं होणार नाही," सिस्टर म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण त्यात घासाघीस नव्हती. "विष अंगात चढायला लागलंय, म्हणून ताप आहे. पाय ठेवायचा असेल तर आजच जायचं."

देवजीभाऊंनी भिंतीकडे तोंड वळवलं. वहिनी पदराने डोळे पुसायला लागल्या.

"आग विझवताना भाजलं, तसंच सांगायचं," सिस्टर म्हणाल्या. "खरं तेच आहे ना?"

"खरं कोन मानंल?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ," मी म्हटलं, "गार्डसाहेबांशी बोलू? तुमचं नाव घेणार नाही. नुसतं विचारते."

त्यांची मान किंचित हलली. ती होकाराची होती, असं मी धरलं.

पाड्यावर रेंज नाही. बांध चढून वर गेले तेव्हा एक दांडी आली. गार्डसाहेबांनी लगेच उचलला.

"साहेब, साखरशेतच्या वरच्या डोंगरावर जी आग होती, ती कशी विझली?"

"का?"

"असंच."

"आम्ही नाही विझवली," ते म्हणाले. "आम्ही पलीकडे जाळरेषा काढत होतो." जाळरेषा म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून केलेला मोकळा पट्टा. "इकडे पोचलो तेव्हा पेंढ्याच्या जरा अलीकडे आग मेलेली. झोडपलेल्या फांद्या पडल्या होत्या. एका दगडावर स्लीपर वितळून बसली होती. तेव्हापासून विचारतोय, कोण होता. कुणी सांगत नाही."

मी विचारलं, "कशासाठी शोधताय?"

"कशासाठी म्हणजे? अहो, त्याच्या पायाचं काय झालं असेल?"

मी त्यांना थांबायला सांगितलं. खाली जाऊन देवजीभाऊंना हे शब्द जसेच्या तसे ऐकवले. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाले, "येऊ दे त्याला."

गार्डसाहेब मोटरसायकलवरून आले. डोळे लाल, शर्टाला धुराचा वास. ते उंबऱ्यावर बसले. "देवजी, तू होतास होय?" एवढंच म्हणाले आणि जीपमध्ये खाट बसेल का ते बघायला उठले.

एव्हाना तंबू जागे झाले होते. दोघी नर्स न सांगता चपला घालून आल्या. प्रिया सिस्टर मात्र तंबूच्या दारातच उभ्या राहिल्या.

"सिस्टर, आपलं ठरलं होतं," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते. "मी सलग नाइट करून आलेय. मला नाही जमणार."

"तू झोप गं," सुनंदा सिस्टर म्हणाल्या. "एका पेशंटला सगळा वॉर्ड लागत नाही."

आणि प्रिया सिस्टर खरंच झोपल्या. ऊन आलं तशी मी आणि वहिनींच्या जावेने आंब्याला चादर बांधून त्यांच्यावर सावली केली. त्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत. कुणी त्यांना काही बोललं नाही, आणि बोलायला नकोच होतं.

जव्हारहून देवजीभाऊंना पुढे मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. सुनंदा सिस्टर गाडी सुटेपर्यंत थांबल्या, मग परत येऊन भाकरी आणि ठेचा जेवल्या, आणि म्हणाल्या, "आता मी पण जरा पडते." देवजीभाऊंची दोन बोटं काढावी लागली. पाय राहिला. गार्डसाहेबांनी आपल्या अहवालात आग कुणी थांबवली ते नावासकट लिहिलं, आणि लिहिलंय हे सांगायला स्वतः हॉस्पिटलात गेले. त्या पावसात देवजीभाऊंची लावणी पाड्याने करून दिली. ते बांधावर बसून प्रत्येकाच्या कामात चुका काढत होते, असं वहिनी सांगतात.

कॅम्पनंतर महिन्याभराने सुनंदा सिस्टरांचा फोन आला. मला वाटलं पायाची चौकशी असेल. ती त्यांनी केली, आणि मग विचारलं, "पुढच्या उन्हाळ्यात ते शेत मिळेल का? प्रिया विचारतेय. जंगल उघडं असलं तरी शेतच हवं म्हणते."

आता उन्हाळ्यात मी शेतातच कॅम्प घेते. दर वर्षी कुठे ना कुठे वणवा लागतो, जंगल बंद होतं, आणि लोक फोन करतात, ताई, कॅन्सल करायचं का? मी सांगते, करू नका, दुसरी जागा आहे. डोह नाही, झाड एकच आहे, शेकोटी मिळणार नाही आणि पाणी आपलं आपण न्यायचं. एवढं ऐकून काही जण फोन ठेवतात. मी परत फोन करत नाही. जे येतात, त्यांना सांभाळणं मला सोपं जातं.